खोटं नाव सांगणारी लेन्स

रिटायर झाल्यावर काय करता, असं सोसायटीत मला कोणीही विचारतं आणि मी खरं ते सांगतो: तक्रारी लिहितो. त्यावर समोरचा हसतो. म्हणतो, त्या काय, आम्हीही करतो, पाण्याच्या, गटारीच्या. मग सांगावं लागतं की माझ्या तक्रारी लेन्सच्या असतात. कॅमेऱ्याला लावलेल्या लेन्सला फोटोचं सॉफ्टवेअर कधीकधी भलत्याच नावानं ओळखतं, आणि ते मी सॉफ्टवेअरवाल्यांना कळवतो. इथपर्यंत ऐकलं की माणूस खिशातला मोबाइल काढतो. बायको पाहुण्यांना नुसतं "ते कॉम्प्युटरवर असतात" म्हणते, घरात कोणी आजारी असावं अशा आवाजात.

नोकरी म्हणाल तर मी साड्यांचे फोटो काढले. सुरतेत, रिंग रोडवरच्या एका मार्केटात, चौथ्या मजल्यावर, एकाच शेठकडे. वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आले, उधन्यात खोली घेतली, आणि मला त्या खडखडाटात घालायचं नाही म्हणून एका फोटोग्राफरकडे चिकटवलं. झाली कारकीर्द सांगून. मॉडेल उभी करून काढतात ते फोटो वेगळे, त्यांच्याकडे पंखा असतो, मेकअपवाली असते. माझे फोटो नुसत्या साडीचे. दांडीवर साडी टांगायची, पदर वर दिसेल अशी, दोन बाजूंना दिवे, समोर कॅमेरा. नागपूरचा नाहीतर मदुराईचा व्यापारी कापडाला हात न लावता त्या फोटोवर ऑर्डर देतो. पार्सल पोचेपर्यंत त्याच्यासाठी फोटो हीच साडी.

आता लेन्सचं सांगतो, थोडं सोसा. सरळ रेघेचा फोटो काढला तर ती फोटोत सरळ येईलच असं नाही. मधोमध आली तर येते, पण कडेला गेली की वाकते. कुठल्या लेन्समध्ये ती बाहेर फुगते, कुठल्या लेन्समध्ये आत झुकते. प्रत्येक लेन्सची खोड वेगळी आणि ती खोड मोजून ठेवलेली असते. सॉफ्टवेअर फोटो उघडतं, त्यात दडलेली चिठ्ठी वाचतं, ही अमुक लेन्स आहे असं ओळखतं आणि तिच्या खोडीच्या उलटं ओढून रेघ सरळ करतं. छान सोय आहे. पण चिठ्ठीत लेन्सचं नाव नसतं, नुसता एक आकडा असतो. आकड्यावरून नाव शोधायची यादी सॉफ्टवेअरवाल्यांनी बनवलेली असते. त्यात घोळ असा की कॅमेरा एका कंपनीचा आणि लेन्स दुसऱ्या कंपनीची असेल, तर त्या परक्या लेन्सला कॅमेऱ्यानं आपलं म्हणावं म्हणून ती त्या कंपनीच्या एखाद्या लेन्सचा आकडा सांगते. असे चार-पाच जण एकच आकडा सांगत फिरतात. मग सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज चुकला की दुसऱ्याची खोड काढायला जाऊन तुमचा फोटो वाकडा करतं.

आमच्या स्टुडिओत जे सॉफ्टवेअर होतं ते भाड्याचं होतं. शेठनं ते बंद केलं आणि ओपन सोर्स बसवायला लावलं, म्हणजे जगभरातली माणसं आपापल्या घरून फावल्या वेळात लिहितात ते. मालक कोणी नाही. चूक दिसली तर त्यांच्या तक्रारींच्या पानावर लिहायची. लिहायची इंग्रजीत. माझं इंग्रजी साडीच्या डब्यावर असतं तेवढं, म्हणून माझी मुलगी मनीषा लिहून द्यायची. ती शाळेत शिकवते, मुलांशी गुजराती बोलते, माझ्याशी अर्धं मराठी, आणि त्या पानावर इतकं गोड इंग्रजी लिहायची की माझा राग त्यात सापडायचा नाही.

तिकडून उत्तर देणारा एकच जण असे. त्याचं नाव म्हणजे टी हे अक्षर आणि पुढे चार आकडे. साहेब आहे की बाई, कुठल्या देशातला, म्हातारा की तरुण, हे मला आजपर्यंत माहीत नाही. मी आपला टीसाहेब म्हणतो.

पहिली तक्रार बारडोलीच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरची. लग्नं आणि साखर कारखान्याचे समारंभ करणारा साधा माणूस. मी सांगितलं म्हणून त्यानंही हेच सॉफ्टवेअर घेतलं, आणि एका लग्नातले सगळे फोटो ओढल्यासारखे आले. कडेला उभी असलेली माणसं रुंद झाली. एका फोटोत नवरी नि तिची आत्या कडेला होत्या, त्या तर ओळखू येईनात. नवऱ्याचा बाप अल्बम घेऊन त्याच्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, "भाई, आम्ही मुलगी बघून केली आहे. ही कोण?" पाहिलं तर त्याच्या साध्या लेन्सला सॉफ्टवेअर माशाच्या डोळ्यासारखं गोल दिसणारी लेन्स समजत होतं. टीसाहेबानं मूळ फाइल मागितली, लेन्सच्या कड्यावरची अक्षरं जशीच्या तशी लिहून मागितली, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलं. मला इतका आनंद झाला की मी मार्केटात पेढे वाटले. घेणाऱ्यांनी विचारलं कशाचे, तर मला धड सांगता येईना.

मग हजिऱ्याकडचा एक डॉक्टर आला, पक्ष्यांचे फोटो काढणारा. त्याची भारीतली लेन्स सॉफ्टवेअरमध्ये हलक्या लेन्सच्या नावानं दिसत होती. फोटो उत्तम होते, काहीही वाकलेलं नव्हतं. पण ग्रुपमध्ये फोटो टाकला की खाली नाव ते दिसायचं आणि डॉक्टरला झोप लागायची नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, बगळ्याला फरक पडतो का?" तर तो म्हणाला, "बगळ्याचं सोडा, ग्रुपवाल्यांना पडतो." त्याचीही तक्रार लिहिली, तीही मिटली. अशा सात-आठ मिटल्या आणि मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं कळतं. तिथेच माझी गाडी घसरली.

आता मूळ गोष्ट. ती देवराम आप्पांची आहे.

देवराम आप्पा पारोळ्याकडचे, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. शेठच्याच कडोदऱ्याच्या युनिटात फिनिशिंगच्या मशीनवर मास्टर. विणून आलेलं कापड त्या मशीनमध्ये दोन्ही काठांनी धरून, गरम हवेतून, ताणून सरळ करतात. आडवे धागे इकडून तिकडे सरळ जायला हवेत. मध्ये लोंबले तर त्याला झोळ म्हणतात, दोरीवरच्या ओल्या धोतरासारखा. तो काढायला मशीनला वाकडे रूळ असतात, त्यांचा कान किती पिळायचा ते मास्टरच्या डोळ्यावर. आप्पांचा डोळा असा होता की चालत्या कापडाकडे बघून ते सांगायचे, डाव्या बाजूला पाव बोट. मोजलं तर पाव बोटच निघायचं. आम्ही दोघं भेटलो की अहिराणीतच बोलायचो, आणि मार्केटातले लोक आम्ही भांडतोय असं समजायचे.

शेठ इच्छापोरला नवीन मशीन टाकत होता. मोठं, परदेशी, बटणांचं. तिथे मास्टर म्हणून आप्पांना न्यायचं असं त्यानं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. आप्पांची रिटायर व्हायची वेळ आली होती. इच्छापोर मिळालं तर आणखी पाच-सहा वर्षं, आणि तीही मानाची. ते बोलायचे नाहीत, पण त्यांनी नवीन चष्म्याची फ्रेम घेतली होती, आणि मशीनचं इंग्रजी पुस्तक मागवून त्यातली चित्रं बघत बसायचे.

त्याच सुमाराला आमच्याकडे पट्ट्यांच्या पदराची एक नवी डिझाइन आली. पदरभर बारीक आडवे पट्टे. मी फोटो काढले, सॉफ्टवेअरमधून गेले, कॅटलॉग गेला. तिसऱ्या दिवशी शेठनं मला खाली बोलावलं. हातातला मोबाइल पुढे केला.

"भास्करभाई, आ शुं छे? पट्टा वांका केम छे?"

पाहिलं तर खरंच. पदराचे पट्टे मध्ये लोंबत होते. व्यापाऱ्यांचे फोन येत होते की झोळवाला माल आम्हाला नको. शेठनं आप्पांना कडोदऱ्याहून बोलावून घेतलं. आप्पा आले ते त्याच लॉटमधली एक साडी पिशवीत घालून आले. त्यांनी गादीच्या बाजूला फरशीवर पदर पसरला, खिशातून दोऱ्याची रीळ काढली, आणि एका पट्ट्यावर दोरा ताणून धरला. दोऱ्याखाली पट्टा लपला. एक सूतही इकडेतिकडे नाही.

"देख शेठ," आप्पा म्हणाले, "सीधा है."

शेठनं फरशीकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि मग माझ्याकडे. जाणकार म्हणून माझ्याकडे. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण जाणकाराला कोणी विचारलं की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नाही. मी म्हणालो, "शेठ, फरशीवर ताणून धरलं तर काहीही सरळ दिसतं. टांगल्यावर कापडाचा खरा स्वभाव कळतो. फोटो खोटं बोलत नाही."

आप्पांनी दोरा गुंडाळला. माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. काहीतरी नवीन कळल्यासारखं पाहिलं. शेठ म्हणाला, "देवरामभाई, पुढचा लॉट सरळ आला तर इच्छापोरचं बोलू. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल." आप्पा बरं म्हणाले आणि साडी न घेताच गेले.

ती साडी मी वर आणली. टांगली, फोटो काढला: झोळ. खाली अंथरून त्यांच्यासारखा दोरा ताणला: सरळ. पुन्हा टांगून दोरा लावला: तरीही सरळ. माझ्या डोक्याचं दही झालं. मग दोन दिवसांनी सहज म्हणून स्टुडिओच्या भिंतीवरच्या टाइल्सचा फोटो काढला. टाइल्सच्या रेघाही वरच्या बाजूला लोंबत होत्या. भिंतीला तर कोणी फिनिशिंग केलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये लेन्सचं नाव पाहिलं, आणि तिथे आमच्या लेन्सचं नाव नव्हतंच. दुसरंच नाव. म्हणजे सॉफ्टवेअर दुसऱ्या लेन्सची खोड काढत होतं आणि आमच्या पट्ट्यांना झोळ आणत होतं. आधीच्या साड्यांवर बुट्टे नि कोयऱ्या असायच्या, त्यांच्यात वाक कोणाला दिसणार?

त्याच क्षणी खाली जाऊन शेठला सांगायचं, की कापड सरळ होतं. कडोदऱ्याला फोन करायचा. हे एवढंच काम होतं, आणि मी ते केलं नाही. का केलं नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. दोन दिवसांपूर्वी ज्या तोंडानं फोटो खोटं बोलत नाही म्हणालो, त्याच तोंडानं जाऊन बोलतो म्हणायचं, हे मला जड गेलं. वाटलं, आधी सॉफ्टवेअरवाल्यांकडून त्यांची चूक लेखी घेऊ. ते कबूल झाले की तो कागद शेठपुढे ठेवू, म्हणजे आप्पाही सुटतील आणि मीही. दहा-पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

तक्रार लिहिली. मनीषा म्हणाली, "पप्पा, 'तुमच्या बेजबाबदारपणामुळे एका गरीब माणसाच्या पोटावर पाय येतो आहे' हे मी लिहिणार नाही. ते लोक फुकट काम करतात." तिनं लिहिलं की नमस्कार, आमच्या लेन्सची ओळख चुकते आहे, सोबत फाइल जोडली आहे.

टीसाहेबाचं उत्तर आलं की फाइलमध्ये लेन्सचा आकडा स्पष्ट आहे, आणि तो आकडा एकाच लेन्सचा आहे, यात दुसरा कोणी वाटेकरी नाही. कड्यावरची अक्षरं कळवा. कळवली. तो म्हणाला, असं व्हायला नको. वेगवेगळ्या झूमवर काढलेले फोटो पाठवा. पाठवले. तो म्हणाला, मलाही कळत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणी आपल्याइतकंच गोंधळलं आहे हे वाचून बरं वाटलं, पण कागद काही हातात येईना.

तेवढ्यात कडोदऱ्याहून पुढचा लॉट आला. मी टांगला, फोटो काढला, सॉफ्टवेअर उघडलं आणि बघतच राहिलो. पट्टे सरळ. पट्टीनं आखल्यासारखे. तीच लेन्स, तेच सॉफ्टवेअर, लेन्सचं तेच चुकीचं नाव, आणि झोळ गायब.

शेठ खूश. माझ्यासमोरच आप्पांना फोन लावला आणि इच्छापोरचं नक्की केलं. माल निघाला. मी मात्र खुर्चीत बसून विचार करत होतो की मग मी पाहिलं ते काय होतं? बहुतेक पहिल्या लॉटचं कापडच वाकडं असेल. पण दोरा? पण टाइल्स? मनीषाकडून टीसाहेबाला कळवलं की आपोआप बरं झालं आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. सॉफ्टवेअर आपोआप बरं होत नाही, कृपया कापडाचा फोटो पाठवू नका, भिंतीचा पाठवा.

भिंतीचा काढला. टाइल्स तशाच लोंबत होत्या.

त्या फोटोवर टीसाहेबानं विचारलेला प्रश्न मनीषानं मला वाचून दाखवला तेव्हा मी चहा पीत होतो. त्यानं विचारलं होतं, "ही लेन्स कधी उघडून दुरुस्त केली आहे का?"

आधी मला राग आला. आपली चूक निस्तरता येत नाही तर आमच्या लेन्सवर घालतो. आणि मग मला भागळ बाजारातला कॅमेरे दुरुस्त करणारा आठवला.

दोन वर्षांपूर्वी आमची लेन्स स्टँडवरून पडली होती. काच शाबूत, आतलं सर्किट मेलेलं. कपाटात त्याच कंपनीची, पण वेगळ्या प्रकारची एक जुनी लेन्स होती, सुरतेच्या दमट हवेनं काचेला बुरशी धरलेली, पण सर्किट चालू. भागळच्या कारागिरानं दोन्ही उघडल्या आणि बुरशीवालीचं सर्किट आमच्या लेन्सच्या पोटात बसवलं. सुरतेत कोणी काही फेकत नाही. फोकस थोडा चाचपडायचा, पण साडी कुठे पळून जाते? आम्ही हातानं फोकस करायचो. तेव्हाचं सॉफ्टवेअर मी हातानंच चालवायचो, नजरेनं सरळ करायचो, त्यामुळे काही जाणवलं नाही. उलट ही करामत माझीच म्हणून मी सहा महिने मिरवत होतो. मग विसरलो. नवीन सॉफ्टवेअर आल्यावर आपोआप दुरुस्तीच्या चौकोनात टिचकी मारली तीही मीच.

म्हणजे काच एकीची आणि ओळख दुसरीची. कॅमेऱ्यानं विचारलं, तू कोण, की ती बुरशीवालीचं नाव सांगायची. कॅमेऱ्यानं ते इमानदारीनं चिठ्ठीत लिहिलं, सॉफ्टवेअरनं इमानदारीनं वाचलं. कोणाचीच चूक नव्हती, माझी सोडून.

पण मग दुसरा लॉट सरळ कसा आला? मी चहा टाकून स्टुडिओत गेलो. नमुन्याची एक साडी मागे राहिली होती. फरशीवर पसरली, दोरा ताणला. पट्टा मध्ये दोऱ्याच्या वर गेला होता. चांगला बोटभर, कमानीसारखा.

कडोदऱ्याला पोचलो तेव्हा आप्पा मशीनपाशी होते. मला पाहून हसले. जवळ बोलावलं आणि वाकड्या रुळांवर हात ठेवून दाखवायला लागले. पहिल्या लॉटनंतर त्यांनी मोबाइलवरचा फोटो समोर ठेवला होता, आणि फोटोत पट्टा जितका खाली लोंबत होता तितका रूळ उलटा पिळला होता. नमुना आमच्याकडे पाठवायचा, फोटो मागवायचा, पुन्हा थोडं पिळायचं. तीन नमुने असे गेले होते. ते तीन मीच टांगले होते आणि न बघता फोटो पाठवून दिले होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. भागळचं, सर्किटचं, टाइल्सचं. मशीनच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं. त्यांनी रुळावरचा हात काढून घेतला.

मग म्हणाले, "तू सांगं व्हतं ना, फोटो खोटं बोलत नही. मंग मी फोटोप्रमाणे कपडा करा."

पार्सलं व्यापाऱ्यांकडे पोचायला लागली होती. आता कापड खरोखर वाकडं होतं, आणि आता कोणीही दोरा ताणून ते बघू शकत होतं. मी म्हटलं, "आप्पा, आत्ताच्या आत्ता शेठकडे चला, मी सगळं माझ्या अंगावर घेतो." ते नको म्हणत होते. मी जवळजवळ ओढून नेलं.

शेठपुढे मी काही लपवलं नाही. भिंतीचे फोटो दाखवले, लेन्स टेबलावर ठेवली, टीसाहेबाचा प्रश्न मनीषाकडून गुजरातीत करून घेतला होता तो वाचला. सांगितलं की पहिला लॉट शंभर टक्के सरळ होता, आप्पा खरं बोलत होते, मी खोटा पडलो, आणि हे मला दहा दिवस माहीत होतं. मला काढून टाका असंही म्हणालो. शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, लेन्स हातात घेऊन फिरवून पाहिली, आणि म्हणाला, "भास्करभाई, नवी लेन्स लई लो. मशीननी भूल छे, थाय."

मला वाटलं, संपलं. मग तो आप्पांकडे वळला. आवाज चढवला नाही.

"पण देवरामभाई, तुम्ही सरळ कापड बघून वाकडं केलं. लेन्सला डोळे नाहीत. तुम्हाला तर आहेत."

मी मध्ये बोलायला गेलो, शेठनं हात वर केला. उद्या इच्छापोरच्या मशीनवर फोटो दाखवून कोणी काही सांगेल आणि तुम्ही तेही कराल, म्हणाला. कडोदऱ्याच्या कामावरून त्यानं त्यांना काढलं नाही. इच्छापोरला दुसरा माणूस गेला. ज्याच्यामुळे झालं त्याला नवी लेन्स मिळाली आणि ज्याचं बरोबर होतं त्याचं गेलं, हे मी तेव्हापासून अनेक बाजूंनी फिरवून पाहिलं आहे. शेठ चुकला का? कधी वाटतं चुकला. कधी वाटतं, मशीन माझं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. ते वाटलं की मला माझीच लाज वाटते.

टीसाहेबाला मनीषानं सगळं कळवलं. त्यानं आभार मानले, ही गमतीची केस होती म्हणाला, आणि तक्रार बंद केली. बंद करताना त्या पानावर कारण लिहावं लागतं. त्यानं लिहिलं: दोष नाही.

त्या दिवशी शेठच्या केबिनमधून निघून आम्ही जिना उतरत होतो. लिफ्ट होती, पण आप्पा जिन्याकडे वळले म्हणून मीही वळलो. दुसऱ्या मजल्यावर साड्यांचे गठ्ठे ठेवले होते, तिथे ते टेकले. मी म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं. मला माफ करा." ते म्हणाले, "शेठ खरं बोलना." मी नाही नाही, शेठचं बरोबर नाही, म्हणत होतो. त्यांनी मला थांबवलं आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

"माले सरळच दिसत व्हतं रे, भास्कर," ते म्हणाले. "पन तू शेठसमोर सांगं, तं माले वाटनं, माना डोया गया आते. मंग मी डोयाना डॉक्टरकडे जाई उनू. त्यानी सांगं, डोया चांगला शेतस." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तरीबी मी तुनंच आयकं."

आणि ते गठ्ठ्याला हात टेकून उठले आणि उरलेला जिना उतरायला लागले. मी त्यांच्या मागून उतरलो.